हृदयाची लिपि आणि तिचे वाचक

१९३९ सालीं वऱ्हाडांतील वाशीम गांवीं एक ताम्रपट उजेडांत आला. त्यांतील कांहीं मजकूर संस्कृत, कांहीं प्राकृत, आणि लिपि वाकाटकांच्या काळची. जाणत्यांनीं तो वाचला, आणि वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा या गांवीं, म्हणजे जुन्या वत्सगुल्मांत, राज्य करीत होती ही गोष्ट इतिहासास प्रथमच कळली. त्याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील शिलालेख विद्वानांनीं एकोणिसाव्या शतकांतच वाचून प्रसिद्ध केला होता. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन याचें नांव त्या लेखांत कोरलेलें होतें. परंतु अक्षरें झिजलेलीं, आणि असा कोणी राजा असेल ही कल्पनाच कोणास नसल्यामुळें तें नांव ओळखलें गेलें नाहीं. वाशीमचा ताम्रपट हातीं आल्यावर महामहोपाध्याय मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनीं तोच शिलालेख पुन्हा पाहिला, तेव्हां तें नांव जागच्या जागीं दिसूं लागलें. दगड तोच, अक्षरें तींच. वाचणारा मात्र आतां जाणता झाला होता.

प्रस्तुत लेखांत ज्या लिपीचा इतिहास सांगावयाचा आहे ती तांब्यावर वा दगडावर कोरलेली नाहीं. बारीक चौकटींच्या कागदी पट्टीवर ती उमटते, आणि तिचा लेखक आपणां प्रत्येकाच्या छातींत अहोरात्र लिहीत बसलेला असतो. घरांतील वडील माणसाच्या छातींत धडधडूं लागलें कीं आपण त्यांस डॉक्टरांकडे नेतों, कार्डिओग्राम काढवितों, आणि पट्टी पाहणाऱ्या डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहतों. पट्टीवरील त्या खालवर रेघेंत ते काय पाहतात, हृदयाचा ताल बिघडला आहे हें त्यांस कशावरून कळतें, आणि ताल बिघडण्याच्या इतक्या तऱ्हांपैकीं निरुपद्रवी कोणती व प्राणघातक कोणती हा विवेक मनुष्यास कोणीं शिकविला, हें समजून घेण्याजोगें आहे. कारण अजिंठ्याच्या लेखाचें जें झालें तेंच या लेखाचेंहि झालें. रेघ आधीं उमटली. ती वाचतां आली मागून. आणि वाचावयास शिकविणारांत मोठ्या नगरांतील यंत्रज्ञांइतकाच लहान गांवांतील वैद्यांचा वांटा आहे.

हृदयाच्या तालाकडे लक्ष देणें आपल्याकडे नवीन नाहीं. चरक-सुश्रुतांच्या संहितांत नाडीपरीक्षेचें प्रकरण आढळत नसलें, तरी तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या शार्ङ्गधरसंहितेंत तें आलेलें आहे. वाताची नाडी जळूसारखी वा सर्पासारखी सरपटते, पित्ताची कावळ्यासारखी वा बेडकासारखी उड्या घेते, कफाची हंसासारखी वा पारव्यासारखी डौलानें चालते, असें तेथें सांगितलें आहे. आणि थांबून थांबून चालणारी नाडी प्राण घेणारी समजावी असा इशाराहि दिला आहे. केवळ तीन बोटांच्या स्पर्शावर एवढे भेद करणाऱ्यांची नजर बारीक होती यांत संशय नाहीं. परंतु बोटाला एक मर्यादा आहे. मनगटांतील ठोका हा हृदयाच्या कामाचा शेवट होय. नदीच्या मुखाशीं उभ्या असलेल्या मनुष्यास पाणी गढूळ आलें एवढें कळतें; वर कोणत्या ओढ्यानें माती आणली हें कळत नाहीं. थांबून चालणारी नाडी कधीं खरोखरच मरणाची खूण असते, आणि कधीं पुढें तीस वर्षें सुखानें जगणाऱ्या माणसाची असते. या दोघांत भेद करावयाचा तर ठोका कोठें उपजला व वाटेंत कोठें अडला हें पाहिलें पाहिजे; आणि तें बोटाच्या आवाक्याबाहेरचें आहे.

ही वाट कशी आहे तें थोडक्यांत सांगतों. हृदयास चार कप्पे. वरचे दोन लहान, खालचे दोन मोठे. वरच्या उजव्या कप्प्याच्या माथ्याशीं एक लहानसा पुंजका असतो. कीथ व फ्लॅक या दोघां ब्रिटिश संशोधकांनीं तो १९०७ मध्यें दाखवून दिला. तेथें मिनिटास सामान्यतः ६० ते १०० वेळां विजेची एक सूक्ष्म लाट उठते. ती प्रथम वरच्या कप्प्यांतून पसरते व ते आंखडतात. मग वरच्या व खालच्या कप्प्यांच्या सीमेवर दुसरा एक पुंजका आहे, त्याच्याशीं ती क्षणभर रेंगाळते. तावारा या जपानी वैद्यानें १९०६ मध्यें हा पुंजका वर्णिला. हें रेंगाळणें निरर्थक नाहीं. तेवढ्या वेळांत वरचें रक्त खालीं उतरतें. नंतर ती लाट तारांच्या जाळ्यासारख्या तंतूंतून झपाट्यानें खालच्या कप्प्यांत शिरते, ते जोरानें आंखडतात, आणि तेव्हां कोठें मनगटांत ठोका लागतो. दिवसाकाठीं असें सुमारें एक लाख वेळां घडतें. आपल्या भजनी मंडळाचीच उपमा द्यावयाची तर मृदंगी वर बसला आहे, टाळकरी खालीं आहेत, आणि मध्यें एक मनुष्य मृदंगाचा ठेका ऐकून टाळकऱ्यांस खूण करतो आहे.

शरीरांतील ही वीज एका व्होल्टाच्या हजाराव्या भागाच्या आसपासची. ती त्वचेवरून टिपतां येईल हें लंडनमध्यें ऑगस्टस वॉलर यानें १८८७ मध्यें प्रथम दाखविलें. जिमी नांवाच्या आपल्या कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्यांत ठेवून तो हा प्रयोग करून दाखवी. १९०९ मध्यें रॉयल सोसायटीच्या संमेलनांत तो झाला, तेव्हां कुत्र्याचा छळ झाला काय असा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटांतहि निघाला! मात्र त्याच्या उपकरणांतील रेघ अगदीं बोथट येई, आणि रुग्णालयांत या विद्येचा फारसा उपयोग होईल असें खुद्द वॉलरलाहि वाटत नव्हतें. तो उपयोग सिद्ध केला विलेम आइंटहोव्हेन यानें. याचा जन्म जावा बेटांतील समारंग येथें १८६० मध्यें झाला, आणि हॉलंडमधील लायडन येथें तो प्राध्यापक होता. चांदीचा मुलामा दिलेला, केंसाहून बारीक असा स्फटिकाचा तंतु त्यानें प्रचंड लोहचुंबकाच्या दोन टोंकांमध्यें ताणला आणि त्याच्या सावलीचें हलणें छायाचित्राच्या कांचेवर टिपलें. यंत्राचें वजन सुमारें २७० किलो. तें चालविण्यास पांच माणसें लागत. तापलेल्या चुंबकांस पाण्यानें निववावें लागे. आणि रोगी हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. १९०१ ते १९०३ या काळांत त्यानें आपलें यंत्र जगापुढें मांडलें. रेघेंतील उंचवट्यांस त्यानें दिलेलीं पी, क्यू, आर, एस, टी हीं नांवें आजहि तशींच चालतात. पी म्हणजे वरच्या कप्प्यांची हालचाल, क्यू-आर-एस म्हणजे खालच्या कप्प्यांची, आणि टी म्हणजे खालच्या कप्प्यांचें पुन्हा सज्ज होणें.

एवढें अवजड यंत्र रुग्णालयांत नेणें शक्य नव्हतें, आणि रोग्यास प्रयोगशाळेंत आणणेंहि धोक्याचें. म्हणून १९०५ च्या मार्चमध्यें आइंटहोव्हेननें दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेनें ही वीज आणविली. रोगी तेथें आणि रेघ येथें, असा प्रकार जगांत प्रथमच घडला. पुढील वर्षीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यानें अनेक प्रकारच्या बिघडलेल्या तालांचे नमुने छापले. १९२४ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां ही पट्टी वाचतात कशी तें पाहूं. कागद सामान्यतः सेकंदास २५ मिलिमीटर या वेगानें सरकतो. त्यामुळें एक मिलिमीटरचें लहान घर म्हणजे ०·०४ सेकंद, आणि पांच लहान घरांचें मोठें घर म्हणजे ०·२ सेकंद. दोन उंच शिखरांमध्यें मोठीं घरें किती हें मोजून त्या आंकड्यानें ३०० ला भागलें कीं मिनिटाचे ठोके निघतात. चार घरें असल्यास ७५. हा झाला वेग. त्यानंतर वाचणारा क्रमानें कांहीं प्रश्न विचारतो. शिखरें सारख्या अंतरावर आहेत काय? प्रत्येक शिखरापूर्वीं पी हा लहान उंचवटा आहे काय? पी पासून शिखराच्या आरंभापर्यंतचें अंतर तीन ते पांच लहान घरांत बसतें काय, कीं लांबलें आहे? शिखर स्वतः अरुंद आहे, कीं तीन लहान घरांहून रुंद पसरलें आहे? प्रश्न एवढे साधे आहेत कीं अंकगणित जाणणाऱ्या कोणासहि ते समजावेत. परंतु १९०६ मध्यें हे प्रश्नच कोणास ठाऊक नव्हते. रेघ छापली गेली होती. तिचें व्याकरण व्हावयाचें होतें.

हें व्याकरण घडविणारांत जेम्स मॅकेंझी याचें नांव अग्रभागीं घातलें पाहिजे. हा मूळचा स्कॉटिश शेतकऱ्याचा मुलगा. इंग्लंडांतील बर्न्ली या कापडगिरण्यांच्या गांवीं १८७९ पासून १९०७ पर्यंत त्यानें सामान्य वैद्यकी केली. आरंभींच्या दिवसांत त्याच्या देखत एक तरुण स्त्री प्रसूतीच्या वेळीं हृदय थकून मरण पावली. हा धोका आधीं ओळखतां आला असता काय, असा प्रश्न त्यानें आपल्या मनास विचारला आणि पुस्तकांत उत्तर शोधलें, तें नव्हतें. कोणता बिघाड घातक व कोणता नाहीं हें कोणीं पाहिलेंच नव्हतें, कारण एकाच रोग्यास वीस वर्षें पाहणें मोठ्या रुग्णालयांतील डॉक्टरांच्या नशिबीं नसतें. बर्न्लीच्या वैद्यास तें साधणारें होतें. मनगटांतील नाडी आणि मानेंतील शिरेची हालचाल एकाच कागदावर टिपणारें उपकरण त्यानें सिद्ध केलें. पुढें तेथल्याच एका घड्याळजीच्या मदतीनें त्यास शाईची लेखणी बसविली. मग रोगी येईल तसा टिपावा, पुन्हा आला कीं पुन्हा टिपावा, आणि त्याचें पुढें काय झालें तें लिहून ठेवावें, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षें चालला.

या चिकाटीचें पहिलें फळ असें कीं हजारों माणसांच्या मानेवरील तलवार उतरली. श्वासाबरोबर मुलांची नाडी जलद व मंद होते, तिला त्या काळीं हृदयरोग समजून पोरांना अंथरुणावर निजवून ठेवीत. ही मुलें धडधाकट मोठीं झालेलीं मॅकेंझीनें पाहिलीं होतीं. हा बिघाडच नव्हे असें त्यानें ठासून सांगितलें. मध्येंच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणें हेंहि बहुधा निरुपद्रवी असतें हें त्यानें दाखविलें. पट्टीवर हा प्रकार मोठा मजेदार दिसतो. खालच्या कप्प्यांतून एक रुंद शिखर वेळेपूर्वींच उमटतें, त्याच्यामागें लांब विराम पडतो, आणि नंतरचें शिखर मात्र जेथें यावयाचें तेथेंच येतें. जणूं तबलजीनें एक ठोका आगाऊ टाकला, पुढची मात्रा रिकामी सोडली, आणि सम बिनचूक गांठली. रोग्यास भीति वाटते ती त्या रिकाम्या मात्रेची. हृदय अन्यथा निरोगी असेल तर ती बाळगण्याचें कारण नसतें.

दुसरें फळ अधिक मोलाचें, आणि तेंच आपल्या मुख्य विषयाशीं निगडित आहे. संधिज्वरानें हृदयाची झडप आंखडलेल्या एका स्त्रीस मॅकेंझी १८८० पासून पाहत होता. १८९८ मध्यें एकाएकीं तिची नाडी पूर्णपणें बेताल झाली. कोणतेच दोन ठोके सारखे नाहींत, कोणतींच दोन अंतरें सारखीं नाहींत. आणि त्याच वेळीं मानेच्या शिरेंतील वरच्या कप्प्याची लाट नाहींशी झाली. वरचा कप्पा लुळा पडला असावा असा त्यानें तर्क केला. पुढें तो बदलून दुसरा केला. दोन्ही तर्क बरोबर नव्हते, पण निरीक्षण पक्कें होतें. इकडे आइंटहोव्हेनच्या छापील नमुन्यांत अशीच एक बेताल पट्टी होती. तींत पी नव्हता, आणि शिखरांच्या मधल्या जागेंत रेघ बारीक थरथरत होती. ती थरथर कोणीं मनावर घेतली नाहीं. १९०९ मध्यें लंडनमधील तरुण वैद्य टॉमस लुइस यानें, आणि त्याच सुमारास व्हिएन्नांतील रोथबर्गर व विंटरबर्ग यांनीं, मॅकेंझीची टिपणें, प्राण्यांवरील प्रयोग आणि या पट्ट्या शेजारीं शेजारीं ठेवल्या. वरचा कप्पा लुळा नाहीं. त्याचे स्नायुतंतु जो तो स्वतंत्रपणें थरथरत आहेत, आणि ती बारीक थरथर हीच त्याची सही आहे, असा उलगडा झाला. लुइसनें पुढें अशी नाडी असलेल्या घोड्याचें हृदय उघडून ती थरथर प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिली. सर्वसेनाचें नांव अजिंठ्याच्या भिंतीवर होतेंच; तसें हें कंपनहि कागदावर होतेंच. लायडनच्या यंत्रानें तें लिहिलें, पण तें वाचण्याची किल्ली बर्न्लीच्या दवाखान्यांतील वह्यांत होती.

या कंपनाचें नांव आज घरोघरीं ऐकूं येतें, कारण तें वृद्धांत फार आढळतें. थरथरणाऱ्या कप्प्यांत रक्त साचून गांठी होतात. एखादी गांठ मेंदूंत गेली कीं अर्धांग जातें. आपल्याकडे लहानपणीं घसा येऊन सांधे धरणाऱ्या तापानें झडपा बिघडलेल्या तरुण स्त्रीपुरुषांतहि हें दिसतें. वेळींच ओळखलें तर रक्त गोठूं न देणारीं औषधें देऊन तो प्रसंग पुष्कळदां टाळतां येतो. म्हणजे पट्टीवरील एका नसलेल्या उंचवट्याकडे कोणाचें लक्ष गेलें कीं नाहीं, एवढ्यावर एखाद्या कर्त्या मनुष्याचा हात व वाणी अवलंबून असते.

इतर प्रकार थोडक्यांत पाहूं. वेंकेबाख या डच वैद्यानें १८९९ मध्यें केवळ नाडीच्या टिपणांवरून असा ताल वर्णिला कीं ज्यांत वरून खालीं खूण पोंचण्यास प्रत्येक वेळीं थोडा अधिक उशीर होतो, अखेर एक ठोका अजिबात गळतो, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ होतो. पट्टीवर पी व शिखर यांतील अंतर पायरी पायरीनें वाढत जातें व मग एक पी एकटाच राहतो. हा प्रकार बहुधा सौम्य. याच वाटेवर पूर्ण नाकेबंदी झाली म्हणजे मात्र वरचे कप्पे आपल्या लयींत मिनिटास ७०-८० वेळां आणि खालचे आपल्या लयींत ३०-४० वेळां चालतात. मृदंगी व टाळकरी यांनीं एकमेकांचें ऐकणें सोडलेलें असतें. असा मनुष्य चालतां चालतां बेशुद्ध पडतो. डब्लिनचे अ‍ॅडम्स यांनीं १८२७ मध्यें व स्टोक्स यांनीं १८४६ मध्यें अशा रोग्यांचें वर्णन केलें, पण उपाय नव्हता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोममध्यें छातींत बसविण्याचा पहिला पेसमेकर रोग्याच्या शरीरांत घातला गेला, तेव्हांपासून ही अवस्था जीवघेणी असूनहि सुधारण्याजोगी झाली. सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे खालच्या कप्प्यांचीच थरथर. तेथें शिखर नाहीं, अंतर नाहीं, केवळ विसकटलेली रेघ. आणि विजेचा धक्का देऊन ती मोडली नाहीं तर कांहीं मिनिटांत सर्व संपतें.

या इतिहासांत रोगीहि शिक्षक झाला आहे. १९१२ मध्यें एका डच व्यापाऱ्यानें वेंकेबाखला सांगितलें कीं, आपली बेताल नाडी आपण स्वतःच ताळ्यावर आणूं शकतों. हिंवतापाच्या मुलखांतून हिंडतांना घेतलेल्या क्विनीननें ती थांबते हें आपल्या अनुभवास आलें आहे. वेंकेबाखनें ती गोष्ट हंसण्यावारी न नेतां तपासली, आणि त्यांतूनच १९१८ मध्यें फ्राय यानें क्विनिडीन हें औषध पुढें आणलें. रोग्याचें बोलणें ऐकणें हाहि वाचनाचाच भाग आहे.

बर्न्लीच्या वैद्याचा वारसा मराठी मुलखांत पाहावयाचा तर महाडकडे वळलें पाहिजे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यांतील देहेड गांवच्या शेतकरी कुटुंबांतले. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून ते डॉक्टर झाले, आणि १९७६ मध्यें कोंकणांत महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. त्या भागांत लाल विंचवाच्या दंशानें धडधाकट माणसें व मुलें एका रात्रींत दगावत. विंचवाचें विष असें माणूस मारतें तें नेमकें कसें, याचें समाधानकारक उत्तर हाताशीं नव्हतें. बावस्करांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब, घाम, वांति, श्वास यांची तासातासानें नोंद ठेवली. प्रथम वांति, भरपूर घाम, थंड पडलेले हातपाय, मध्येंच पडणारे आगाऊ ठोके. मग धांवणारें हृदय, चढलेला रक्तदाब. आणि अखेर फुप्फुसांत पाणी, हा क्रम त्यांस स्पष्ट दिसला. विषामुळें शरीरांतील ज्ञानतंतूंचें वादळ उठतें, रक्तवाहिन्या आवळतात, आणि त्या भाराखालीं हृदय हार खातें. हीं पूर्वचिन्हें त्यांनीं १९८२ मध्यें लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकांत मांडलीं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें औषध त्यावर लागू पडतें हें डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनीं १९८६ मध्यें त्याच नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. विष अंगांत भिनलेल्या रोग्यांपैकीं पूर्वीं शंभरांत पंचवीस-तीस दगावत. हें औषध वेळीं मिळूं लागल्यावर तें प्रमाण अगदीं अल्पावर आलें. २०२२ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली.

या उदाहरणांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, विंचूदंशाच्या रोग्याची पट्टी एकटी पाहिली तर ती हृदयविकाराच्या झटक्यासारखीहि भासूं शकते. ती कोणत्या माणसाची, तो रानांत कोणतें काम करीत होता, त्यास घाम केव्हांपासून सुटला, हें ज्यानें विचारलें त्यालाच ती खरी वाचतां येते. कुंपणाला लावलेल्या पिवळ्या कण्हेरीचेंहि असेंच आहे. तिचें बीं पोटांत गेलेल्या मुलाच्या हृदयांत वरून खालीं जाणारी वाट अडते, नाडी मंद होते, आणि पट्टीवर एकटे पी दिसूं लागतात. तेथें घरगुती उपायांत घटका घालविणें म्हणजे मुलास गमावणें होय. त्यास तत्काळ रुग्णालयांत नेलें पाहिजे. डॉक्टरहि नुसती मंद नाडी पाहून न थांबतां अंगणांत कोणतें झाड आहे हें विचारतो, तेव्हांच निदान पुरें होतें.

आतां पुन्हा वाशीमकडे येऊं. इंग्रजी अमदानींत बाशीम हा वऱ्हाडचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्यें तो मोडला, आणि १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा होऊन पुन्हा उभा राहिला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें त्याची वस्ती सुमारें बारा लाख, आणि तींतील पांचांतले चार लोक खेड्यांत राहणारे. मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या एखाद्या वाडीवर छातींत कळ आलेल्या शेतकऱ्यास आजवर पुष्कळदां अकोल्याची वा नागपूरची वाट धरावी लागली आहे. आणि वर सांगितलेल्या भयंकर तालांस तर मिनिटांचा हिशेब लागतो. लायडनचें २७० किलोंचें यंत्र आतां पिशवींत मावतें. पट्टीचें छायाचित्र फोनवरून क्षणांत मोठ्या शहरांतील तज्ज्ञाकडे जातें. इतकेंच काय, यंत्र स्वतःच पट्टीच्या माथ्यावर आपलें निदान छापून देतें. असें असतां वाचक घडविण्याची यातायात कशाला, असें कोणी म्हणेल.

त्याचें उत्तर वरील इतिहासांतच आहे. यंत्राचें वाचन उपयोगी आहे, आणि तें दिवसेंदिवस सुधारत आहे. परंतु थंडीनें वा भीतीनें रोग्याचा हात कांपत असला तर ती थरथरहि रेघेंत उतरते, आणि यंत्र तिला हृदयाचें कंपन समजण्याची चूक करूं शकतें. दूरच्या तज्ज्ञास पट्टी दिसते, माणूस दिसत नाहीं. मनगटावर बोटें ठेवून पट्टी व नाडी यांचा मेळ घालणारा कोणी तरी रोग्यापाशीं असावा लागतो. धक्का देण्याचें यंत्र तेथें ठेवलेलें असावें लागतें. आणि तें वापरण्याचा निर्णय फोनची वाट न पाहतां घेतां यावा लागतो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं महाराष्ट्रांत एकदम दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचें उद्‌घाटन झालें, त्यांत वाशीमचें एक आहे. इमारती, खाटा व यंत्रें यांची मोजदाद सरकारी कागदांत होईलच. तेथील विद्यार्थी पट्टी हातांत आल्यावर आधीं माथ्यावरील छापील अक्षरें वाचतात, कीं आधीं रोग्याचें मनगट धरतात, यावर त्या महाविद्यालयाचें खरें मोल ठरेल. त्यांनीं एकाच गांवच्या रोग्यांच्या नोंदी दहा-वीस वर्षें नेटानें ठेवल्या, तर बर्न्लीस व बिरवाडीस जें सांपडलें तसें कांहीं वाशीमलाहि सांपडण्यास प्रत्यवाय नाहीं. कारण कापसाच्या व सोयाबीनच्या शिवारांत राबणाऱ्या माणसांच्या हृदयांचा इतिहास अद्याप कोणीं सलग लिहिलेला नाहीं.

वाचकांस घरबसल्या करतां येण्याजोगी एक गोष्ट मात्र आजच आहे. घरांतील वृद्धांच्या मनगटावर महिन्यांतून एकदां दोन-तीन बोटें ठेवून, घड्याळाकडे पाहत, पुरा एक मिनिट ठोके मोजावे. आणि ते सारख्या अंतरानें पडतात काय याकडे लक्ष द्यावें. अधूनमधून एखादा ठोका चुकला तर घाबरूं नये. परंतु ठोक्यांस कांहींच धरबंध नसेल, किंवा विसांवा घेतांनाहि ते पन्नासाखालीं वा शंभरावर राहत असतील, तर कार्डिओग्राम काढवून घ्यावा. जुनी पट्टी फेकून न देतां नव्या पट्टीबरोबर डॉक्टरांपुढें ठेवावी. एका ताम्रपटामुळें दुसरा लेख वाचतां येतो, तसें मागच्या वर्षींच्या रेघेमुळें यंदाच्या रेघेचा अर्थ लागतो.